वेलभाज्यांची विरळणी : एका आळ्यात चार रोपं उगवली, आता काढायची कधी आणि ठेवायची कोणती?

मीरा-भाईंदर : मिरगाचा पाऊस पडला की उत्तन, डोंगरी, पाली, चौक या पट्ट्यात आणि राई, मुर्धा, मोर्वा या गावांत घरामागच्या जागेत, बांधावर, विहिरीच्या कडेला काकडी, शिराळी (दोडका), दुधी, कारली, पडवळ यांच्या बिया टोकल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, घरातली माणसं घरी असतात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरांत वेल लावायला आणि मांडव घालायला हात मोकळे असतात. मीरा-भाईंदर २००२ साली महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, तरी पावसाळ्यातला हा मांडव काही गावांनी सोडलेला नाही.

बी टोकताना एका आळ्यात तीन-चार बिया टाकायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. अडचण येते ती पुढे. चारही बिया उगवतात, चारही रोपं हिरवीगार दिसतात आणि त्यातली दोन उपटायला हात धजत नाही. "राहू दे, जास्त वेल, जास्त काकड्या" असं म्हणत दिवस जातात. महिन्याने वेल एकमेकांत गुंततात, पाने पिवळी पडतात आणि फळ मात्र दोन वेलांएवढंही मिळत नाही. काही जण याच्या उलट करतात. उगवल्याबरोबर एकच रोप ठेवतात आणि चार दिवसांत ते तांबडे भुंगेरे खाऊन टाकतात. मग आळं रिकामं.

म्हणून विरळणीचा प्रश्न 'करायची की नाही' हा नसून 'कधी करायची' हा आहे.

थोडक्यात नियम

विरळणी तारखेवर करू नये, पानावर करावी. दोन वेळा करावी. पहिली खरं पान पूर्ण उघडल्यावर आणि दुसरी तिसरं पान उघडल्यावर. वेलाला ताणे (आधार पकडणारे सुतासारखे धागे) फुटून ते शेजारच्या रोपाला धरायच्या आत दुसरी विरळणी संपलेली असावी. ताणे फुटणे ही शेवटची मुदत समजावी.

जास्त बिया का टाकतात?

जास्तीची बी म्हणजे विमा आहे. बी न उगवणे, पावसात कुजणे, गोगलगाईने खाणे, भुंगेऱ्यांनी पाने चाळणीसारखी करणे, मुसळधार पावसाने माती वाहून जाणे, या सगळ्यांतून दोन रोपे तरी वाचावीत म्हणून चार बिया टाकतात. धोक्याचे दिवस संपले की विम्याचे काम संपले. त्यानंतर ती जास्तीची रोपे राखणदार राहत नाहीत, वाटेकरी होतात.

हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन ओळींत ५ फूट आणि दोन आळ्यांत ३ फूट अंतर धरले तर एका गुंठ्यात साधारण ७२ आळी बसतात. प्रत्येकी ४ बिया म्हणजे २८८ बिया. आळ्यागणिक २ रोपे ठेवली तर १४४ वेल राहतात. म्हणजे निम्मी रोपे काढायचीच आहेत, हे पेरतानाच ठरलेले असते. ते नुकसान समजू नये.

संकरित बियाण्याचे पाकीट महाग असते, तिथे जीव जास्त अडकतो. अशा वेळी आळ्यात दोनच बिया टोकाव्यात. उरलेल्यांपैकी दहा-पंधरा बिया कागदी पेल्यात किंवा पळसाच्या पानाच्या द्रोणात माती-शेणखत भरून वेगळ्या लावाव्यात. जिथे नांगी पडतील तिथे मातीच्या गोळ्यासकट हे रोप बसवता येते.

दाट राहिल्यास काय होते?

पहिली ओढाताण उजेडासाठी होते. जवळजवळची रोपे एकमेकांच्या सावलीतून बाहेर पडायला उंच धावतात. खोड लांब, पिवळट आणि बारीक होते. असे रोप बघायला मोठे वाटते, पण पहिल्या जोराच्या सरीत आडवे होते.

दुसरी ओढाताण मुळांची. काकडी, दुधी, भोपळा यांची मुळे लवकर पसरतात आणि बरीचशी वरच्या थरात असतात. चार रोपांची मुळे एका ओंजळभर जागेत गुंतली की खत-पाणी वाटले जाते. नंतर एक रोप उपटायला गेले की शेजारच्याची मुळे तुटतात. या कुळातल्या वेलांना मूळ दुखावलेले सहन होत नाही. उशिरा केलेली विरळणी म्हणूनच महागात पडते.

तिसरी गोष्ट हवा. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जून-जुलैत हवेत ओल भरलेली असते. दाट पाने दिवसभर सुकत नाहीत. ओल्या पानांवर केवडा रोग लवकर येतो. पुढे मांडवावर पानांची गर्दी झाली की फळे झाकली जातात, फळमाशीने डंख मारलेले फळ वेळेवर दिसत नाही आणि मधमाशीलाही फूल सापडायला अडचण होते.

पानांवरून वय ओळखणे

उगवल्यावर जमिनीबाहेर जी दोन जाड, गुळगुळीत पाने दिसतात ती खरी पाने नव्हेत. ती बीचीच दोन दळे असतात. रोपाची सुरुवातीची शिदोरी त्यात असते. या दोघांच्या मधून जे खरबरीत, कातरलेल्या कडेचे पान निघते ते पहिले खरे पान. मोजणी तिथून करायची.

सगळ्या वेलांचा वेग सारखा नसतो. उबदार, ओल्या जमिनीत काकडी चार-पाच दिवसांत वर येते. दुधी, शिराळी, घोसाळी यांना साधारण सहा ते आठ दिवस लागतात. कारल्याचे कवच टणक असते, त्याला आठ-दहा दिवस किंवा थोडे जास्तही लागतात. कारल्याची बी रात्रभर ते एक दिवस पाण्यात भिजवून टोकली तर उगवण लवकर आणि एकसारखी होते. एका आळ्यात आज एक, चार दिवसांनी दुसरे असे उगवत असेल तर पहिल्यालाच जोमदार समजून बाकीची काढू नयेत. उगवण पूर्ण होऊ द्यावी.

पहिली विरळणी : पहिले खरे पान उघडल्यावर

साधारण पेरणीनंतर १० ते १२ दिवसांत ही वेळ येते. या वेळी फक्त उघड उघड वाईट रोपे काढायची. म्हणजे :

- दळे वाकडी किंवा बीच्या टरफलात अडकून फाटलेली.
- शेंडा खाल्लेला किंवा मोडलेला.
- पिवळे, ठिपकेदार किंवा सुरकुतलेले पान असलेले.
- दुसऱ्या रोपाला अगदी चिकटून उगवलेले.

चार उगवली असतील तर तीन ठेवावीत. तीनच असतील आणि तिन्ही बरी असतील तर या वेळी काहीच काढू नये. भुंगेऱ्याचा धोका अजून टळलेला नसतो.

दुसरी विरळणी : तिसरे पान उघडल्यावर

पेरणीनंतर साधारण १८ ते २२ दिवस. मृग ७-८ जूनला लागतो. मृगाच्या सुरुवातीला पेरले तर ही वेळ आर्द्रा नक्षत्रात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात येते. पण पाऊस लांबला, ऊन पडले नाही, तर चार-पाच दिवस पुढे-मागे होते. म्हणूनच तारीख नको, पान बघा.

या टप्प्यावर खोड थोडे निबर झालेले असते. भुंगेऱ्याने दोन पाने खाल्ली तरी वेल सावरतो. आता ठरलेली संख्या ठेवून बाकी काढावीत.

किती ठेवायचे, याचा साधारण अंदाज :

- काकडी : आळ्यांत २ ते ३ फूट अंतर, आळ्यात २ वेल.
- कारली, शिराळी, पडवळ : ३ फूट अंतर, २ वेल.
- दुधी, घोसाळी : ४ ते ५ फूट अंतर, जमीन चांगली असेल तर २, नाहीतर १ वेल.
- लाल भोपळा, कोहळा : ६ फूट किंवा जास्त अंतर, १ वेल.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली (स्थापना १९७२) यांनी कोकणच्या हवेसाठी काकडीची शीतल, कारल्याची कोकण तारा, दोडक्याची कोकण हरिता आणि पडवळाची कोकण श्वेता अशा जाती दिल्या आहेत. जात कोणतीही असो, विरळणीचा नियम बदलत नाही.

कोणते रोप ठेवायचे?

इथे सगळ्यात जास्त चूक होते. सगळ्यात उंच रोप ठेवले जाते. उंच म्हणजे जोमदार नव्हे. बुटके, जाड खोडाचे, दळे अजून हिरवी असलेले आणि शेंडा शाबूत असलेले रोप ठेवावे. बोटाने हलके ढकलून पाहावे. जे परत सरळ होते ते चांगले.

दोन ठेवायची असतील तर एकमेकांपासून शक्यतो वीतभर लांब असलेली निवडावीत. दोन रोपे सारखीच चांगली पण चिकटून असतील, तर त्यातले एक काढून तिसरे थोडे कमी जोमाचे, पण लांब असलेले रोप ठेवणे फायद्याचे. आळ्याच्या खोलगट बाजूला, जिथे पाणी साचते, तिथले रोप ठेवू नये.

उपटायचे की कापायचे?

कापायचे. कात्रीने किंवा नखाने जमिनीलगत खोड तोडावे. मूळ तिथेच कुजून जाते आणि शेजारच्या रोपाला धक्का लागत नाही. पहिल्या विरळणीत रोपे चार बोटांपेक्षा लांब असतील आणि माती ओली असेल तर उपटले तरी चालते, पण दुसऱ्या हाताने राहणाऱ्या रोपाजवळची माती दाबून धरावी.

एक अपवाद आहे. जमिनीलगत खोड पाणचट, बारीक होऊन रोप कोलमडले असेल तर ती मर आहे. असे रोप कापून ठेवू नये. मुळासकट, भोवतालच्या थोड्या मातीसह काढून लांब टाकावे आणि पाणी साचत असेल तर चर काढून द्यावा. अशा आळ्यात बाकीची रोपे लगेच विरळ करावीत, तिसऱ्या पानाची वाट पाहू नये.

पावसाने उघडीप दिली आणि पाने सुकली की विरळणी करावी. ओल्या पानांत हात घातला की रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. आधी निरोगी आळी करावीत, रोगट शेवटी, आणि कात्री पुसून घ्यावी.

काम झाल्यावर राहिलेल्या रोपांना दोन बोटे मातीची भर द्यावी. बुंध्यापासून चार बोटे दूर ओंजळभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घालावे. कच्चे शेण किंवा ताजे मासळीचे खत कोवळ्या रोपाजवळ टाकू नये, मुळे करपतात.

कधी थांबावे?

पुढील परिस्थितीत दुसरी विरळणी चार-पाच दिवस पुढे ढकलावी.

तांबडे भुंगेरे जास्त असतील तर. हे केशरी-तांबडे किडे सकाळी गारव्यात सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. पानांवर राख भुरभुरवतात, पण पावसात ती धुऊन जाते, परत टाकावी लागते. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चार काठ्यांवर टाकून आळे झाकले तर सगळ्यात चांगले. याच भुंगेऱ्याच्या अळ्या जमिनीत मुळे खातात, म्हणून रोप कारण नसताना कोमेजले तर मुळाशीही बघावे.

हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला असेल तर. सर येऊन जाऊ द्यावी, काय उरले ते पाहून मग निवड करावी.

खाडीलगतची जमीन असेल तर. राई-मुर्ध्यासारख्या खाडीजवळच्या भागात ज्या जमिनीत खार आहे, तिथे पहिल्या पावसात मीठ पुरते धुतले जात नाही. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात. अशा जागी दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेल्यावरच बी टोकावे, सपाट आळ्याऐवजी मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे आणि कडा करपण्याचे थांबेपर्यंत एखादे रोप जास्त ठेवावे.

कधी थांबू नये?

एका रोपाचे पान दुसऱ्याच्या पानावर चढले असेल, खोडे उजेडाकडे वाकली असतील किंवा पहिला ताणा फुटलेला दिसला, तर पाने किती झाली ते न मोजता त्याच दिवशी विरळणी करावी.

मुदत टळून गेली असेल तर?

वेल दोन-दोन फूट होऊन एकमेकांत गुंतले असतील तर सोडवत बसू नये. सोडवताना राहणाऱ्या वेलाचा शेंडा मोडतो. नको असलेला वेल फक्त बुडाशी कापावा. वरचा भाग दोन-तीन दिवसांत सुकतो, मग अलगद ओढून काढावा. फुले लागल्यावर मात्र जास्तीचे वेल कमी करण्यापेक्षा जुनी, पिवळी, जमिनीलगतची पाने काढून हवा मोकळी करावी आणि पुढच्या वर्षी वेळ पाळावी.

काढलेले रोप दुसरीकडे लावता येते का?

येते, पण पहिले खरे पान येईपर्यंतच. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी, खुरप्याने मातीच्या गोळ्यासकट उचलून लगेच लावावे आणि दोन-तीन दिवस सावली करावी. दुसऱ्या विरळणीतले रोप जगण्याची आशा कमी असते. नांगी भरायची असतील तर ती पहिल्या विरळणीच्या वेळीच भरावीत, म्हणजे सगळे वेल एका वयाचे राहतात.

बी गुलाबी किंवा रंगीत असेल तर त्याला औषध चोळलेले असते. अशी काढलेली रोपे माणसांनी खाऊ नयेत आणि शेळ्यांनाही घालू नयेत. खड्ड्यात टाकावीत.

या वेलांना हा नियम लागू नाही

कर्टुली : कर्टुलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. बीपासून उगवलेल्या रोपात कोणता नर, कोणता मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. लवकर विरळणी केली तर नेमके मादी वेल काढले जाऊ शकतात आणि फळ देणारे काहीच उरत नाही. म्हणून कर्टुली फुलावर आल्यावरच विरळ करावी. मादी फुलाच्या खाली छोटे काटेरी फळ दिसते, नराच्या नाही. दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो. खात्रीच्या मादी वेलाचा कंद लावला तर हा घोळच राहत नाही.

तोंडली : ही फाट्यांपासून लावतात. तिथे रोपांची विरळणी नसते, न फुटलेले फाटे बदलायचे असतात.

कुंडीतले वेल

मीरा रोड, भाईंदरच्या इमारतींत गच्चीवर किंवा खिडकीत वेल लावणारे बरेच आहेत. कुंडीत माती मोजकी असते, त्यामुळे दया दाखवायला जागा नाही. १२ ते १५ इंची कुंडीत काकडी किंवा कारल्याचा एकच वेल ठेवावा. दुधी, भोपळ्याला १८ इंचांहून मोठे भांडे लागते आणि त्यातही एकच वेल. बिया दोन टाकाव्यात, दुसऱ्या पानावर एक कापावे.

मांडव आधी

विरळणीच्या दिवशी मांडवाचे खांब उभे असायला हवेत. राहिलेला वेल आठवडाभरात आधार शोधू लागतो. नंतर खड्डे खणले तर मुळे तुटतात. घरात जुने मासेमारीचे जाळे पडले असेल तर त्याचा तुकडा खांबांना ताणून बांधावा, ताण्यांना धरायला ते छान होते.

लक्षात ठेवण्याचे पाच मुद्दे

१. दळे मोजू नका, खरी पाने मोजा.
२. पहिल्या पानावर वाईट रोपे काढा, तिसऱ्या पानावर संख्या पक्की करा.
३. उंच नव्हे, बुटके आणि जाड खोडाचे रोप ठेवा.
४. उपटू नका, कापा. मर लागलेले मात्र मुळासकट काढा.
५. ताणा शेजाऱ्याला धरायच्या आत काम संपवा.

पिकावर वेगळी लक्षणे दिसली तर पानाचा आणि मुळाचा फोटो काढून गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना दाखवावा किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर मराठीतून विचारावे.